दोन बोटं टेकून

मरणाला आपण भीत नाही, असं भंगारवाला चारचौघांत सांगायचा. त्यात थोडी बढाई होती, पण ते सगळंच खोटं नव्हतं. त्याची खरी भीती वेगळी होती. मूत्रपिंडं कामातून गेल्यावर अंगात साचणारं पाणी आपसूक बाहेर पडत नाही. ते यंत्रानं काढावं लागतं, आठवड्यातून तीनदा, हातात दोन जाड सुया खुपसून. सरकारी दवाखान्यातल्या डायलिसिसच्या खोलीत तो पहिल्यांदा झोपला तेव्हा अंगात पाणी फार होतं. ते काढता काढता पोटऱ्यांत असे गोळे आले की हा आडदांड गडी आईच्या नावानं ओरडला. मग कानात शिट्टी वाजायला लागली, समोरची खिडकी काळी पडली, आणि शुद्धीवर आला तेव्हा पाय वर, डोकं खाली आणि कुणीतरी गालावर चापट्या मारतंय. रक्तदाब पडला होता, बाकी काही नाही, असं त्याला सांगण्यात आलं. सांगणाऱ्याचं काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्या दिवसापासून यंत्राचा आवाज ऐकला की तो खाटेची दांडी घट्ट धरायचा.

किती पाणी काढायचं हे काट्यावर ठरायचं. अंगात जास्तीचं पाणी नसताना माणसाचं जे वजन, ते त्याचं कोरडं वजन. प्रत्येक खेपेला आल्या आल्या काट्यावर उभं राहायचं; कोरड्या वजनाच्या वर जेवढं भरेल तेवढं पाणी, आणि तेवढं यंत्रानं काढायचं. आता ज्या माणसानं उभा जन्म भंगाराच्या दुकानात काट्याशेजारी काढला, त्याच्यापुढे असा काटा ठेवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं.

खोली अरुंद होती, म्हणून काटा हात धुण्याच्या बेसिनला खेटून ठेवला होता. वजन लिहून घेणारा समोर बसायचा. त्याला आकडा दिसायचा, पण काट्यावरच्या माणसाचा मागे गेलेला हात दिसायचा नाही. काट्याला फसवायला ताकद लागत नाही. बेसिनच्या कडेवर दोन बोटं टेकायची आणि त्यांच्यावर थोडा भार सोडायचा, बस्स. कसब आहे ते भार न हलवण्यात. भार हलला की आकडा नाचतो आणि बघणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. श्वास सोडून, नजर समोर ठेवून, चेहरा साळसूद करून उभं राहायचं. दोन किलो गडप. खेप संपल्यावर पुन्हा वजन व्हायचं, तेव्हाही बोटं टेकायची, म्हणजे दोन्ही आकडे जुळायचे. पाय सुजायचे, जिन्यावर दम लागायचा, पण गोळे येत नव्हते. दुकानात त्यानं लोकांच्या मापात पाप केलं होतं, इथे तो स्वतःच्याच मापात करू लागला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं.

खोलीचा सगळा कारभार एका तंत्रज्ञाच्या हाती होता. चाळिशीचा, चष्म्याचा, जिभेला धार लावलेला माणूस. सगळे त्याला हेडमास्तर म्हणायचे. सहा यंत्रं, त्यांच्या सहा तऱ्हा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांच्या पाळ्या, एवढं सांभाळताना त्याच्या डोक्याचं तापून खापर झालेलं असायचं. कुणाचं वजन जास्त भरलं की तो सगळ्यांसमोर बिनपाण्यानं करायचा. वर एक ठरलेलं वाक्य असायचं: "ऐकायचं नसेल तर जागा सोडा. बाहेर माणसं थांबलीत."

बाहेर माणसं खरोखरच थांबलेली असायची. इलाज फुकट होता, आणि खाजगी दवाखान्याची पायरी चढणं ज्यांच्या आवाक्याबाहेर होतं त्या सगळ्यांना तो हवा होता. नवी जागा व्हायची ती जुन्यांपैकी कुणी गेल्यावर. कुठे गेला, हे विचारायची पद्धत नव्हती. भंगारवाल्यानंही त्या बाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून दिवस काढले होते. त्यामुळे हेडमास्तरचं ते वाक्य आलं की खोलीतले सगळे माना खाली घालायचे.

भंगारवाल्याच्या शेजारच्या खाटेवर एक पंचविशीची पोरगी असायची. कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला होती, म्हणून ती शिवणवाली. हाडं मोजता यावीत इतकी काटकुळी, पण तोंडाची मोठी फटकळ. "तिकडे मी मशीन चालवते आणि इकडे मशीन मला चालवतं," असं म्हणून स्वतःच हसायची. भंगारवाल्याला लेक नव्हती. तिच्याशी बोलताना त्याचे सुयांचे तास बरे जायचे.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा एक दिवस हेडमास्तरनं तिला असं झापलं की ती भिंतीकडे तोंड करून रडली. कारखान्याला वर पत्रा होता आणि पंखा होता तो मालकाच्या बाजूला. घशाला कोरड पडून शिवण दिसेनाशी झाली की ती पाणी प्यायची, करणार काय? तिला रडं येत होतं ते बोलणी बसली म्हणून नाही. जागा गेली तर आईनं काय करायचं, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. भंगारवाल्याला पाहवेना. सुया काढल्यावर तो तिच्याकडे वाकून हळूच म्हणाला, "अगं, काट्याला काय घाबरतेस? तो माझा जुना नोकर आहे." आणि त्यानं तिला दोन बोटांची युक्ती सांगितली.

पोरगी भारी निघाली. शिवणकामानं तिचे हात स्थिर होते; आकडा जागचा हलायचा नाही. गुरूचा हात कधीमधी थरथरायचा, चेलीचा नाही. मग दोघांची अळीमिळी गुपचिळी. काट्यावरून उतरताना ती त्याच्याकडे बघून एक डोळा मिटायची आणि त्याला आपण कुणाचं तरी भलं केल्यासारखं वाटायचं. एकदा तर हेडमास्तरनं सगळ्यांना तिचं उदाहरण दिलं, पाणी कसं मोजून प्यावं ते हिच्याकडून शिका म्हणून. त्या दिवशी तिला हसू आवरलं नाही. पण लपवलेलं पाणी अंगातच राहतं आणि पुढच्या वेळी नवं पाणी त्यात भर घालतं. दर खेपेला बोटांवर थोडा जास्त भार द्यावा लागतो. त्याच्या धिप्पाड देहात पाण्याला सामावायला जागा होती. तिच्या देहात कुठून असणार? हे भंगारवाल्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, पण त्यानं ते लांबवर ढकललं. तिचे गाल वर आले तेव्हा ती म्हणाली, अंगाला लागतंय काका, आणि त्यानंही मान डोलावली.

रविवारच्या सुट्टीमुळे आठवड्यातून एकदा दोन खेपांमध्ये जास्त अंतर पडायचं. अशाच एका मोठ्या खंडानंतर तो सकाळी आला तेव्हा खोलीबाहेरच्या बाकावर शिवणवालीची आई बसली होती. ती दवाखान्याच्याच धुलाईखान्यात कामाला होती, पण एरवी या वेळी बसलेली कधी दिसायची नाही.

"रात्री आडवीच होईना," ती म्हणाली. "बसूनच होती. म्हणायला लागली, आई, खिडकी उघड. खिडकी उघडीच होती हो."

पहाटे तिला इमर्जन्सीत दाखल केलं होतं. नाकाला ऑक्सिजन लावला होता. डॉक्टर म्हणत होते छातीत जंतुसंसर्ग झालाय. पाणी साचलं असावं अशी त्यांना आधी शंका आली होती. पण डायलिसिसच्या कागदावर गेल्या कित्येक खेपांचं वजन जिथल्या तिथे होतं, जेमतेम किलोभर वर. मग पाणी कसं असेल? "पाण्याच्या बाबतीत ती किती कडक आहे, तुम्हाला माहितीच आहे," आई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, पण त्यात लेकीचा अभिमान होता.

"बाटली लावलीय का?" भंगारवाल्यानं विचारलं.

"लावलीय. औषध त्यातूनच देतायत. एक संपली, दुसरी चालू आहे."

जिच्या छातीपर्यंत पाणी चढलंय तिच्या अंगात आणखी पाणी सोडलं जात होतं, आणि हे जगात फक्त त्याला माहीत होतं. "होईल बरी," असं काहीतरी पुटपुटून तो आत गेला. अक्षरशः पळाला.

आत गेल्यावर तो काट्यावर उभा राहिला, आणि त्याच्या हातानं त्याला न विचारता बेसिनची कड शोधली. हेडमास्तरनं आकडा लिहिला, ठीक आहे म्हणाला. भंगारवाला आपल्या खाटेवर जाऊन बसला. यंत्र नळ्या जोडून तयार होतं. सुया टोचायच्या तेवढ्या बाकी होत्या.

डॉक्टर शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळेलच, असं त्यानं स्वतःला बजावलं. त्यांना कळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कागदावर खोटा आकडा लिहिला गेला की खरा माणूस खोटा ठरतो, हे भंगाराच्या धंद्यात त्यानं रोज पाहिलं होतं. सांगावं, तर पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कसं माहीत. मग त्याचं स्वतःचं बिंग फुटणार. जागा जाणार. पुन्हा तो बाक, आणि या वेळी त्या बाकावरून उठायची पाळी येईलच असं नाही. समजा जागा राहिली, तर त्याला पुन्हा खरंखुरं तोलणार आणि सगळं पाणी काढणार. ते गोळे, ती शिट्टी, ती काळी खिडकी. आपण भित्रे आहोत हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं आणि त्याची लाजही वाटली, पण लाजेनं भीती काही कमी होईना.

शेजारच्या खाटेवर शिवणवालीच्या जागी कुणीतरी नवा माणूस झोपला होता. सुया टोचून झाल्या होत्या, रक्त नळ्यांतून फिरत होतं. ती आज येणार नाही म्हटल्यावर बाकावरच्याला आत घेतलं होतं. यंत्र रिकामं ठेवून कसं चालेल? माणूस गरीब चेहऱ्याचा होता. त्यानं मान वळवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ही जागा आता मला कायमची मिळेल का हो?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. भंगारवाल्यानंही एके काळी हेच विचारलं होतं, तेही एवढ्याच आशेनं. पण ते ऐकलं आणि त्याला खाटेवर बसवेना.

"साहेब," त्यानं हाक मारली. हेडमास्तर सुया घेऊन त्याच्याकडेच येत होता. "त्या पोरीच्या अंगात पाणी आहे. फार आहे."

"वजन बघितलंय मी तिचं."

"ते वजन खरं नाही. काट्यावर ती हात टेकते, बेसिनला. मी बघितलंय."

हेडमास्तर थांबला. "कधीपासून?"

"उन्हाळा लागल्यापासून. चार किलो असेल. जास्तही असेल. आणि तिकडे बाटल्या लावल्यात तिला."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या माणसानं आकाशपाताळ एक केलं असतं. आज हातातला ट्रे त्यानं खाटेवरच ठेवला आणि इमर्जन्सीकडे पळत सुटला.

पोरीला आणलं ते ट्रॉलीवर बसवूनच. दोन्ही हातांनी कठडा धरून ती पुढे झुकली होती. ओठांचा रंग उतरला होता, आणि पाण्यात नळी घालून फुंकावं तसा आवाज तिच्या छातीतून येत होता. तो आवाज खोलीतल्या प्रत्येकानं ओळखला. त्यातल्या प्रत्येकाला तो स्वतःच्या छातीतून कधी ना कधी येणार ही धास्ती होती. पाचही खाटांवरच्या माणसांनी माना फिरवल्या. तिनं भंगारवाल्याकडे पाहिलं, पण ओळखलं की नाही कुणास ठाऊक. तिचे डोळे फक्त श्वास शोधत होते.

तयार यंत्र एकच होतं. "काका, उतरा," हेडमास्तर म्हणाला, आणि भंगारवाला उतरला.

तिला सुया टोचून यंत्र सुरू केल्यावर हेडमास्तरनं मान न वळवता विचारलं, "आणि तुमचं किती?"

खोटं बोलायला त्याच्याकडे आता ताकद उरली नव्हती. सिस्टरनं काटा बेसिनपासून ओढून खोलीच्या मध्ये आणला. हाताची घडी घालून तो वर चढला. सिस्टरनं आकडा दोनदा वाचला. कोरड्या वजनाच्या वर साडेचार किलो. ठरलं असं, की पोरीचं झालं की त्याला घ्यायचं. निम्मं पाणी आज काढायचं, निम्मं उद्या. तोवर बाहेर बसायचं, घोटभरही पाणी प्यायचं नाही, आणि दम लागला तर हाक मारायची.

"जागा गेली ना माझी?" त्यानं विचारलं.

"कसली जागा?"

"तुम्हीच म्हणता ना. ऐकायचं नसेल तर जागा सोडा."

हेडमास्तर त्याच्याकडे बघतच राहिला. "अहो, रागात म्हणतो मी ते. आजवर कुणाची काढलीय का?" मग त्यानं चष्मा काढला, उगाचच पुसला आणि पुन्हा घातला. "खरं वाटायचं तुम्हा लोकांना?"

बाहेर बाक एकच होता. भंगारवाला टेकला तशी पोरीची आई त्याच्याकडे वळली आणि तिनं हात जोडले. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, डायलिसिसमधल्या कुणा पेशंटनं सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर दुपार काही दिसली नसती. "तुमचे उपकार कसे फेडू," ती म्हणाली. ती त्याच्या पाया पडायला वाकली आणि त्यानं घाईनं पाय मागे घेतले.

इथे गप्प बसता आलं असतं. मी बघितलंय, एवढंच त्यानं आत सांगितलं होतं आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं. पोरगी बोलायला लागली तरी त्याचं नाव घेणार नाही, याची त्याला खात्री होती. नेमकं तेच त्याला सहन होईना.

"मीच शिकवलं तिला ते," तो म्हणाला. "हात टेकायचं. मी स्वतः करत होतो आणि तिलाही शिकवलं."

तिचे जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले. ती त्याला शिव्या देईल, थोबाडीत मारेल, आरडाओरडा करून माणसं गोळा करेल, असं त्याला वाटलं. त्यातलं काहीही झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त तोंड फिरवलं. उठून जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून दोघं तसेच एका बाकावर बसून राहिले, आणि आत यंत्र चालत राहिलं.

त्याला घेतलं तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरीला तोवर वॉर्डात हलवलं होतं आणि आई तिच्यामागे गेली होती. त्याची बायको कामावरून सुटून यायला अजून वेळ होता. हेडमास्तरनं सुया टोचल्या, यंत्रावर आकडा लावला. तो आकडा भंगारवाल्यानं पाहिला आणि डोळे मिटून घेतले. एवढं पाणी त्याच्या अंगातून त्या पहिल्या दिवसानंतर कधीच काढलं नव्हतं.

अर्धंअधिक पाणी निघालं तेव्हा आई दारात दिसली. ट्रॉलीवरून पोरीबरोबर आलेली घरची चादर इथेच राहिली होती, ती न्यायला आली होती. तिनं चादर उचलली. त्याच्याकडे बघितलं नाही.

"कशी आहे?" त्यानं धीर करून विचारलं.

"आडवी झालीय," ती म्हणाली. पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि धोका टळला असंही म्हणाली नाही.

तेवढ्यात डाव्या पोटरीत पहिला गोळा आला. मांस आतून कुणीतरी मुठीत धरून पिळावं तसा तो वर वर चढत गेला. भंगारवाल्यानं खाटेची दांडी धरली. सिस्टर पलीकडच्या यंत्रापाशी अडकली होती. आईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग चादर खांद्यावर टाकली, त्याच्या पायाची बोटं तळव्यात घेतली आणि पाऊल त्याच्या नडगीकडे रेटलं. लेकीचे गोळे तिनं असेच काढले असणार. रोज ओल्या चादरी पिळणारे हात होते ते. तिनं आणखी रेटलं, लागेस्तोवर रेटलं, आणि रेटताना ती सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. ती मदत होती की शिक्षा, हे त्याला कळेना.

कानात बारीक शिट्टी सुरू झाली. हेडमास्तर लांबून विचारत होता, थांबवू का काका, कमी करू का. भंगारवाल्याच्या सगळ्या अंगाला ओरडायचं होतं, हो, थांबवा, काढा या सुया. त्यानं खिडकीकडे पाहिलं. ती अजून दिसत होती.

"नको," तो म्हणाला. "चालू दे."

आणि त्या बाईनं त्याचा पाय सोडला नाही.